सागाचे खुंट आणायला: परतूरहून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत

ओढ्याच्या वरच्या मुरमाड रानात सागवान लावायचं मामंजींच्या मनात आलं, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "आधी मला ते झाड उभं दाखवा. मंग काय लावायचं ते लावा."

सासऱ्याशी असं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. पण ते रान त्यांनी माझ्या नावानं केलं होतं. माझे मालक तापानं गेले त्याला दोन पावसाळे झाले होते. पोटी लेकरू नव्हतं, सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि मामंजी, दोघंच. मी तेव्हा विशीची होते.

आमचं गाव जांब समर्थपासून कोसभरावर. काळ्या मातीचा मुलूख, ज्वारी-कपाशीचा. सागवान म्हणजे दाराची चौकट नाहीतर गाडीचं जू, सुताराकडून घ्यायची वस्तू. त्याचं झाड कसं असतं हे गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. मामंजींनी ते कुठं ऐकलं होतं कोण जाणे. पण एकदा ओट्यावर बसून ते चुलत पुतण्याला सांगत होते आणि मी आतून ऐकलं.

पुतण्या म्हणाला, "काका, सागाला माणसाचं आख्खं आयुष्य लागतं म्हणतेत. तुम्ही कुठं बघणार?"

मामंजी म्हणाले, "मी न्हाई बघणार. सून आहे की बघायला."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. झाडाला आयुष्य लागणार आणि ते आयुष्य माझं असणार. भावाकडून, बदनापूरहून, दोनदा निरोप आला होता की आमच्यात पाटाची, विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, रीत आहे, पोरीनं विचार करावा. मामंजींनी निरोप ऐकून घेतला होता, उत्तर मात्र धाडलं नव्हतं. म्हणून झाड बघायचा हट्ट मी धरला. खरं सांगायचं तर मला वेळ काढायचा होता. ते मात्र लगेच म्हणाले, "बराबर आहे. न बघता कशाला हो म्हणायचं? चल."

ज्येष्ठ अर्धा सरला होता. सागाची रोपं आणायची तर हेच दिवस, पाऊस पडायच्या थोडं आधी. कुणाला जायचं असेल तर हे ध्यानात ठेवा. लवकर आणलं तर वाळतं, उशीर झाला तर मुळं धरायला ओल पुरत नाही.

पहाटे गाडी जुंपली आणि उन्हं चढायच्या आत निम्मी वाट मागं टाकली. परतूरच्या ठेसनावर पोचेपर्यंत बैलांच्या तोंडाला फेस आला होता. बरोबर ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, कांदे आणि पाण्याची कातडी पखाल. ठेसनावर पाणी मिळतं, पण गाडी आली की झुंबड उडते, त्यामुळे आपलं पाणी आपल्याजवळ असलेलं बरं. मी जनाना डब्यात बसले, मामंजी पलीकडच्या डब्यात. प्रत्येक ठेसनावर ते खाली उतरायचे, माझ्या खिडकीपाशी यायचे, उभे राहायचे आणि शिट्टी झाली की परत जायचे. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, "कोण, वडील का गं?"

"सासरे," मी म्हणाले. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. आपल्या फडक्यातली गुळाची ढेप फोडून एक खडा तिनं माझ्या हातावर ठेवला.

जालन्याला दिवस मावळता उतरलो. ठेसनाजवळच्या धर्मशाळेत राहिलो. जागा स्वच्छ होती, विहिरीला पाणी होतं, फक्त स्वयंपाकाला सरपण आपलं आणावं लागतं.

सकाळी भोकरदनची मोटार. रस्ता खडीचा, मध्येमध्ये नुसताच फुफाटा. मोटार राजूरला गणपतीच्या टेकडीखाली थांबली तेव्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. दर्शन घेण्याइतका वेळ मिळतो, पण ड्रायव्हरला सांगून जावं. मोटारीतला एक वाणी न सांगता वर गेला आणि मागंच राहिला.

भोकरदनला केळणा नदीच्या पात्रात डबकी तेवढी उरली होती. पिंपळगाव रेणुकाईचा एक शेतकरी बाजार करून परत निघाला होता, त्यानं आम्हाला आपल्या गाडीत घेतलं. वाटेत मामंजी त्याला सागाचं विचारत होते.

तो म्हणाला, "झाडं आहेत ना. डोंगराच्या पोटाला, जहागीरदाराची. आमी लहान होतो तवा लावली. करीमभाई राखून राह्यलाय तवापासून. पण तुमी आत्ता कशाला आलात? आत्ता बघण्यासारखं काय न्हाई तिथं."

या भागात निजामाचा हाली सिक्का चालतोच, पण वऱ्हाडची हद्द जवळ असल्यामुळे दुकानदार इंग्रजी कलदार रुपयेही मागतात. दोन्ही जवळ ठेवलेले बरे.

त्या रात्री रेणुकाईच्या देवळाच्या ओवरीत उतरलो. पुजाऱ्याच्या बायकोनं पिठलं दिलं. सकाळी मी देवीपुढं उभी राहिले, पण काय मागावं ते मला सुचेना. नुसताच नमस्कार केला आणि आम्ही डोंगराकडे चालू लागलो.

झाडं दिसली तेव्हा मी थांबलेच. सगळी उघडी. एकावर पान नव्हतं. राखी रंगाचे सरळसोट बुंधे ओळीनं उभे, वर वाळक्या फांद्या, आणि खाली करकर वाजणारी मोठमोठी वाळकी पानं. इतक्या लांबून मी ही झाडं बघायला आले होते.

"मामंजी, ही तर मेलीत," मी म्हणाले.

"जिती हाय, जिती हाय," कुणीतरी मागून म्हणालं. डोक्याला फडकं बांधलेला, दाढी पिकलेला करीमभाई पानं तुडवत येत होता. "उन्हाळ्यात अशीच राहतेत. पानी बचातेत. ये देखो." त्यानं एका कोवळ्या झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. तिथं उंदराच्या कानाएवढी पानं फुटत होती. एक तोडून त्यानं माझ्या हातावर दिलं आणि चोळायला सांगितलं. तळवा कुंकवासारखा लाल झाला. मी हात पटकन पदराखाली घेतला. मामंजींनी ते पाहिलं आणि ते दुसरीकडे बघू लागले.

करीमभाईनं आम्हाला वाफे दाखवले. सागाचं बी बोराच्या आठळीसारखं कठीण, नुसतं पेरलं तर वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. तो ते रात्री शेणकाल्यात भिजत घालतो, दिवसा उन्हात वाळवतो आणि असं पंधरवडाभर करतो, तेव्हा कुठं ते उकलतं. वर्षभर रोप वाफ्यात वाढवायचं. मग उपटून घ्यायचं आणि वरचा सगळा शेंडा, पानं, फांद्या छाटून दोन बोटं खोड ठेवायचं. खालचं मूळही वीतभर ठेवून बाकीचं तोडायचं. हातात उरतो अंगठ्याएवढा जाड एक खुंट. तोच लावायचा.

"इतकं तोडल्यावर जगतो?" मी विचारलं.

"पुरं रोप नेलं तर वाटेत पानं सुकतेत अन् ते मरतं. तोडलं म्हणून तर इतक्या दूर जातं." तो माझ्याशी बोलत होता, पण काम थांबवत नव्हता. कोयता चालत होता, खुंट ओल्या गोणपाटावर पडत होते. "लावताना पहारीनं भोक पाडा, खुंट उभा सोडा, माती चांगली दाबा. आत हवा राहिली तर सडतो. एकानं धरायचा, एकानं दाबायचा. अकेल्याचं काम न्हाई हे."

त्याची बायको जैनबबी मला सावलीला घेऊन गेली. सावली म्हणजे त्यांच्या खोपीची, झाडांची नव्हे. तिनं ताक दिलं. मी तिला विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला इथं?"

"लगीन करून आली तवा ही झाडं माझ्या गुडघ्याएवढी होती."

"जहागीरदार येतात का बघायला?"

"लावली त्या दिवशी आल्ते. घोड्यावर. नंतर बिलकुल न्हाई. हैदराबादला राहतेत."

"मंग झाडं?"

तिला माझा प्रश्न कळला नसावा. "झाडं वाढली की," ती म्हणाली.

खुंटांची दोन पोती भरली. मध्ये ओलं गवत, वर पळसाची पानं, मग गोणपाट, आणि सगळ्यावर पाणी. हे असं आठ दिवस टिकतं, पण रोज भिजवायचं आणि ऊन लागू द्यायचं नाही. करीमभाईनं पैसे जहागीरदाराच्या कचेरीचे म्हणून घेतले, स्वतःसाठी काही मागितलं नाही. मामंजींनी आपल्याजवळची तंबाखू त्याला दिली.

परतीच्या वाटेवर, भोकरदनकडे येणाऱ्या गाडीत, मी बोलले. गाडीवान पुढं बैलांशी काही पुटपुटत होता. आम्ही दोघं पोत्यांच्या दोन बाजूंना.

"मामंजी, ही झाडं तोडायला येतील तवा मी म्हातारी असंन."

"हां."

"मंग तुम्ही झाडं न्हाई लावत. तुम्ही मला लावायला निघालाय. त्या ओढ्यावर."

मामंजी पोत्यावरची पळसाची पानं भोकरदन येईपर्यंत नीट करत राहिले. मला वाटलं, आता घरी गेल्यावर काय होईल ते होवो, पण बोलले ते बरं झालं. आणि बोलले म्हणून रडूही येत होतं.

मोटारवाल्यानं पोती टपावर टाकायला घेतली. मामंजींनी ती टाकू दिली नाहीत. उन्हात मरतील म्हणाले. मोटारवाला म्हणाला दोन माणसांची जागा जाते. मामंजींनी त्या दोन जागांचं भाडं दिलं, एक पोतं पायाशी ठेवलं आणि दुसरं मांडीवर घेऊन जालन्यापर्यंत बसले. धोतर मांडीवर ओलंचिंब झालं होतं.

जालन्याच्या ठेसनावर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि तिकिटं काढून आणली. एक माझ्या हातात दिलं.

"हे बदनापूरचं," ते म्हणाले. "माझं परतूरचं आहे. तुझी गाडी आधी आहे."

"मला माघारी पाठवताय? मी बोलले म्हणून?"

"न्हाई माय." ते बाकावर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसले. "तू बोललीस ते खरं आहे. पोरगा गेला तवापासून मी एकच बघून राह्यलो होतो. मी गेल्यावर तुला कोण घालंल खायला. म्हणून रान दिलं, म्हणून झाडांचं काढलं. तुला काय पायजे ते मी विचारलंच न्हाई. सुचलं न्हाई मला." मग ते म्हणाले, "भावाकडं जा. त्यानं कुणी बघितला असंल तर बघ त्याला. यायचं असंल तर ये, न्हाई आलीस तरी मी काही मनात धरणार न्हाई."

"आणि रान?"

"दिलेलं परत घेतेत का?"

"आणि हे?" मी पोत्यांकडे पाहिलं.

"हे मी लावतो. झाडाला काय कळतंय मालकीण कुठं राहते ते."

माझी गाडी आली. मी जनाना डब्यात चढले. या वेळी ते खिडकीपाशी आले नाहीत. पोत्यांवर पाणी मारायला नळाकडे गेले होते. गाडी हलली तेव्हा मला त्यांची पाठ दिसली.

बदनापूरला दादा जिनिंगमध्ये कपाशी तोलायच्या कामावर होता. वहिनीनं माझी पावलं धुतली, तिला वाटलं मी कायमची आले. दुसऱ्या दिवशी दादानं माणिकरावांबद्दल सांगितलं. त्याच जिनिंगमध्ये कोठार सांभाळायचे, बाळंतपणात बायको गेलेली, एक मुलगी. ते संध्याकाळी आले, अंगणात बसले. मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकून होती. निघताना दाराकडे पाहून, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "घाई न्हाई. त्यांना बराबर वाटंल तवा सांगा."

माणूस वाईट नव्हता. रात्रभर मी त्यांचा विचार करायचं ठरवलं आणि रात्रभर मला आठवत राहिलं ते करीमभाईचं बोलणं, की हे एकट्याचं काम नाही. मामंजींना एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, दुसऱ्यानंही धूसरच. एका हातानं खुंट धरून दुसऱ्यानं पहार कशी मारणार होते ते?

चौथ्या दिवशी मी दादाला म्हणाले, "मला परतूरच्या गाडीत बसवून दे."

"म्हणजे नकार का?"

"नकार न्हाई. काम राह्यलंय."

वहिनी रागावली. दादा रागावला नाही, ठेसनापर्यंत पोचवायला आला. तो माझा पहिला एकटीचा प्रवास. कोणी एकटी बाई निघणार असेल तर सांगते, जनाना डब्यात भीती नाही. परतूरला उतरल्यावर मात्र ओळखीची गाडी मिळेपर्यंत ठेसनातच बसावं. मला आमच्या शेजारगावचा एक तेली भेटला.

घरी कुणी नव्हतं. दोन सरी होऊन गेल्या होत्या, ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं. मी तशीच रानात गेले. मामंजी गुडघ्यांवर बसून एका भोकात माती लोटत होते. निम्मं रान लावून झालं होतं. मला पाहून ते उठायला लागले आणि उठता उठता परत बसले.

"आलीस?"

"आले. पण कायमची म्हणून न्हाई आले. आधी सांगते."

"बरं," ते म्हणाले. "पहार घेतेस का?"

मी पहार घेतली. त्यांनी लावलेल्या शेवटच्या ओळीकडे सहज पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं. खुंट दोन्हीकडून तोडलेला असतो, आणि वर कुठलं, खाली कुठलं, हे डोळ्याला नीट दिसावं लागतं. ओळीतले कितीतरी खुंट त्यांनी उलटे लावले होते. मुळाचं टोक आभाळाकडे. मला ते सांगवेना. पण न सांगून चालणारही नव्हतं.

"मामंजी, हे उलटं लागलंय."

त्यांनी हातानं चाचपून पाहिलं. मग दुसरं, मग तिसरं. त्यांचा चेहरा पार उतरला. पोरगा गेला त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तिथं, त्या मुरमात बसून, ते रडले. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. नंतर आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी बोटानं टोक बघायची, बदलायचं असेल ते बदलायची, खुंट धरायची, आणि ते माती दाबायचे. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आम्ही झाडांखेरीज कशाविषयीही बोललो नाही, आणि तरी माझं मन हलकं होत गेलं.

निम्म्याहून जास्त खुंट फुटले. बाकीचे वाळवीनं आणि ओढ्याकडच्या चिबडानं, साचलेल्या पाण्यानं, नेले. ज्यांना लावायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की पाणी साचतं तिथं साग लावू नका, आणि पहिली दोन वर्षं गवत काढत राहा. गुरांचा त्रास फारसा नाही, पान खरबरीत असतं, ती तोंड लावत नाहीत.

मी वर्षभर राहिले, खुंटांनी मुळं धरली तेव्हा दादाला होकार धाडला. पुढच्या ज्येष्ठात माणिकरावांशी माझा पाट लागला. बदनापूरला जाताना भाऊबंदांनी तोंडं फिरवली, मामंजी परतूरपर्यंत गाडी घेऊन आले. ठेसनावर त्यांनी माणिकरावांना विचारलं, "पावसाळ्याच्या तोंडाला हिला धाडत जाल का? निंदणीला माणूस लागतं." माणिकराव म्हणाले, "मीही येईन."

त्याला आता बरीच वर्षं झाली. हे मी बदनापूरच्या घरी बसून लिहिते आहे. सध्या हैदराबादच्या मुलखात दंग्याधोप्याचे दिवस आहेत, गाड्यांचा भरवसा नाही, संध्याकाळनंतर कुणी वाटेला लागत नाही. तिकडं जायचं असेल तर थोडं निवळू द्या. पिंपळगावची ती झाडं अजून उभी आहेत असं भोकरदनकडून येणारे सांगतात. करीमभाईची खबर मात्र कुणाकडून मिळाली नाही, आणि या दिवसांत तोच घोर मला जास्त लागून राहिला आहे.

आमच्या रानातली झाडं घराच्या आढ्याहून उंच गेली. मामंजींना आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. ते सकाळी काठी टेकत रानात जातात, एकेका बुंध्याला मिठी मारून तो किती भरला ते बघतात. मी माझं आयुष्य तिथं काढलं नाही. तरी दर वर्षी माझे पंधरा दिवस तिथं जातात, माझी दोन्ही लेकरं आणि माणिकरावांची थोरली त्या गवतात हात चिरून घेतात, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस मला इथली भिंत, इथलं अंगण जरा परकं वाटतं. कुठलं घर माझं, हे मी आता स्वतःला विचारत नाही.

गेल्या वर्षी आम्ही तिथं असतानाच तो चुलत पुतण्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. कोवळे वासे हवे होते, अर्धी झाडं आत्ताच काढली तर चांगला भाव देतो म्हणाला. मी चुलीपाशी होते. मामंजी ओट्यावर होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "रान माझं न्हाई. मालकीण बदनापूरची आहे. आत बसलीय, तिला विचारा."

पुतण्या आत आला नाही. मी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, आणि उत्तर द्यायला बाहेर ओट्यावर गेले.